सोनुबाईचा उजवा खांदा

सोनुबाईला कुणी आपण होऊन पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ती आधी तांब्यात डोकावून बघायची आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडं. तिला संशयखोर म्हणणारी माणसं निपाणीत शंभर भेटतील. पण त्यातल्या एकालाही वयाच्या नवव्या वर्षापासून बिड्यांच्या चेकरपुढं उभं राहावं लागलेलं नाही, तेव्हा त्यांनी जरा गप्प बसलेलं बरं.

बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं चेकर एकेक मूठ उचलून बघायचा आणि मनाला येईल तेवढ्या बिड्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणतात. छाट का काढली ते तो सांगायचा नाही, आणि विचारणारीची दुसऱ्या दिवशी जास्तच निघायची. सोनुबाईनं पन्नास वर्षांत एक गोष्ट मात्र नीट हेरून ठेवली होती. ज्या दिवशी चेकर हसून ‘काय सोनुबाई, तब्येत बरी हाय न्हवं?’ म्हणायचा, त्या दिवशी छाट हमखास दुप्पट. तेव्हापासून कुणी गोड बोलायला लागलं की ती आधी आपल्या बिड्या मोजायची.

फक्त एका माणसावर तिनं कधी संशय घेतला नाही, तो म्हणजे तिचा नवरा भीमाप्पा. भीमाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. तंबाखू भरून शिवलेलं मोठं पोतं, त्याला इकडं बोद म्हणतात, ते पाठीवर घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. आधी बोदाची शिवण हातानं चाचपायचा. सैल शिवलेलं बोद असलं तर मालक समोर उभा असला तरी हात लावायचा नाही. नव्या हमालांना सांगायचा, ‘वजनाला भिऊ नगासा, लेकानु. पाठीवर गेल्यावर आत हलणाऱ्या वजनाला भ्या. कंबर त्यानं मोडती.’ त्याची कंबर कधी मोडली नाही. पण तीन वर्षांपूर्वी उसाचा रस पिता पिता त्याच्या हातातून गिलास पडला, आणि त्याची उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचाही बरीचशी गेली. आठ दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला तेव्हा दोन-चार शब्द आणि डावा हात एवढंच त्याच्याकडं उरलेलं दिसत होतं.

तेव्हापासून त्याला खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत खाटेवर न्यायचं काम सोनुबाईचं. कसं उचलायचं हे त्यानंच तिला डाव्या हातानं खुणा करून शिकवलं. पाठमोरी वाक, माझे हात तुझ्या खांद्यावरून पुढं ओढ, आणि ऊठ. म्हणजे बोद उचलतात तसंच. दिवसातनं सहा वेळा. भीमाप्पा आजारपणातसुद्धा हाडापेरानं चांगला दणकट, आणि सोनुबाई त्याच्या खांद्याला लागणारी. अडीच वर्षं तिनं ओढलं. मग उजवा खांदा बोंब मारायला लागला आणि त्याच्या मागनं उजवा गुडघा.

तिचा मुलगा भीमरत्न बेळगावात अनगोळला राहतो आणि हायस्कुलात शिकवतो. पोरगा वाईट नाही. आईला त्यानं बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सोनुबाईकडं न बघता एक्स-रेचा फोटो उजेडापुढं धरला, गुडघा बदलायचा, खांद्याचं दुर्बिणीनं करायचं, असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर आल्यावर भीमरत्न म्हणाला, “आये, आपरेशन झाल्यावर तुला सहा आठवडे काही उचलायचं नाही. तेवढे दिवस आप्पाला एका केंद्रात ठेवू. तिथं अशा माणसांची चांगली व्यवस्था करतात.”

सोनुबाई एस.टी.त बसली ती हेच घोळवत. सहा आठवडे म्हणे. सहा आठवड्यांचे सहा महिने व्हायला काय लागतं? आणि त्या केंद्रातून कुणी चालत घरी आल्याचं तिनं तरी ऐकलं नव्हतं. भीमाप्पाला तिथं कोण समजून घेणार? पाणी पाहिजे असलं की तो ‘दार’ म्हणतो, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? तिनं मनाशी पक्कं केलं की खांदा भीमाप्पाला उचलून गेलाय हे कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पोराला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहील. मग कुणी विचारलं की ती सांगायला लागली, ‘बिड्या वळून धरलाय.’ पन्नास वर्षं बिड्या वळलेल्या बाईचं कोण खोटं मानणार?

भीमरत्न मात्र गप्प बसला नाही. बेळगावच्या एक हाडांच्या डॉक्टर दर गुरुवारी निपाणीला येऊन बसतात, त्यांचं नाव त्यानं फोनवर सांगितलं. डॉ. प्रियदर्शनी. सोनुबाईला पहिला संशय तिथंच आला. हाडाची डॉक्टर आणि बाई? हाड बसवायला अंगात जोर लागतो. तरीपण खांद्यानं झोप उडवली होती, म्हणून ती शेजारच्या मनुबाईला बरोबर घेऊन गेली. मनुबाई तिच्याच बरोबरीनं बिड्या वळणारी, तोंडाळ, पण वेळेला धावून येणारी.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक अंगाच्या. टेबलामागनं उठून त्या सोनुबाईच्या शेजारी स्टुलावर येऊन बसल्या. हा दुसरा संशय. सोनुबाईनं फोटोचं पाकीट पुढं केलं तर म्हणाल्या, “फोटो नंतर बघू, आक्का. आधी मला सांगा, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता?”

हा तिसरा. असलं फक्त इन्स्पेक्टर विचारतो, बिडी-कामगाराचं कार्ड तपासायला आला की. सोनुबाईनं मोजकं सांगितलं. चहा करते, पानं कापते, भाकरी करते, बिड्या वळते. नवरा आजारी आहे हे सांगितलं, पण तो जणू आपला आपण उठून बसतो अशा थाटात.

बाईंनी तिचा हात हळूच वर करून बघितला. कुठल्या उंचीवर तोंड वाकडं होतं ते पाहिलं. गुडघा दाबला, तिला दारापर्यंत चालायला लावलं, स्टुलावरून उठायला लावलं. घाई कशाचीच नाही. बाहेर वीस माणसं ताटकळलेली, आणि ह्या बाई एका म्हातारीच्या गुडघ्याशी वाकून बसलेल्या. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय करता आलं पाहिजे, ते सांगा. त्यावरनं आपण ठरवू.”

सोनुबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. हाडाला काय पाहिजे हे डॉक्टरला कळायला पाहिजे, का बिडीवालीला? नक्की काहीतरी काढून घ्यायचा डाव आहे.

“माझ्या पोराचा फोन आलता व्हय तुमास्नी?” तिनं सरळ विचारलं.

“आला होता. आक्कांना भेटल्याशिवाय मी काही बोलणार नाही, असं सांगितलं त्यांना.”

खरं बोलल्या हे कळलं, आणि त्यानं तर सोनुबाई आणखीच बिचकली. खरं बोलून विश्वास कमवायचा आणि मग गळा कापायचा, असले लोक चेकरपेक्षा वाईट.

“खांदा कशानं दुखावला?”

“बिड्यांनी.”

बाईंनी मान हलवली. “मग पुढच्या गुरुवारी तुमचं सूप आणि कात्री घेऊन या. कसं काम करता ते मला बघायचंय.”

रस्त्यावर येईपर्यंत मनुबाईनं दम धरला. मग म्हणाली, “आक्का, तू जाऊ नगंस. सूप बघायचंय म्हनं. उद्या लिवून देतील की ह्या बाईच्यानं काम हुत न्हाय, आन् कार्ड जाईल.” सोनुबाईला कार्डाची पर्वा नव्हती. पण आपण काय लपवतोय हे मनुबाईला ठाऊक आहे, आणि मनुबाईच्या तोंडाला झाकण नाही, ह्याची तिला पर्वा होती. तिनं ठरवलं, जायचंच नाही.

गेलीही नसती. पण रविवारी सकाळी भीमाप्पाला मोरीतून बाहेर काढताना तिच्या खांद्यात काहीतरी कच्चकन झालं आणि हातातला जोरच गेला. ती पडली नाही, पण भीमाप्पाचं डोकं चौकटीवर आपटलं. कपाळावर टेंगूळ आलं. तो डाव्या हातानं तिचीच पाठ थोपटत राहिला. सोनुबाई ओल्या फरशीवर बसली आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. आज टेंगूळ आलं. उद्या ह्याचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्याच हातानं होणार.

गुरुवारी ती सूप पिशवीत घालून गेली, आणि मनुबाई न सांगता मागनं आली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी फरशीवर सतरंजी टाकली आणि स्वतः समोर खाली बसल्या. सोनुबाईनं मांडी घातली, उजवा गुडघा जरा बाहेरच राहिला. सूप मांडीवर घेतलं. पान कापलं, चिमटीनं तंबाखू भरली, वळली, तोंड दुमडलं, दोरा बांधला. पंचवीस बिड्या तिनं अशा सपासप केल्या की मनुबाईसुद्धा कौतुकानं बघत होती. बाई मात्र बिड्यांकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर सोनुबाईच्या कोपरावर होती.

“आक्का,” त्या म्हणाल्या, “पंचवीस बिड्या झाल्या. तुमचं कोपर बरगडीपासून एकदाही सुटलं नाही.”

सोनुबाईचे हात थांबले.

“मांडी घालून बसून गुडघा झिजतो, ते मी मानते. पण ह्या कामात खांदा हलतच नाही. सगळं काम बोटांचं. तुमच्या खांद्यातला स्नायूचा पट्टा फाटलाय, आणि तो जड ओढण्यानं फाटतो. तुम्ही काय उचलता?”

“घागर,” सोनुबाई म्हणाली.

“डोक्यावर का कमरेवर?”

सोनुबाईनं कात्री खाली ठेवली. घागर कमरेवर असते, आणि तीही डाव्या. पन्नास वर्षांत एकाही चेकरला जे जमलं नाही, ते ह्या बाईनं तिच्याच सुपावर, तिच्याच हातून करून घेतलं होतं. तिला राग आला तो स्वतःचाच आला. सूप आणायची काय गरज होती?

आणि तेवढ्यात मनुबाई बोललीच. “नवऱ्याला उचलतीया की वो. दिसातनं सा येळंला. पोराला कळलं तर त्यास्नी बेळगावला नीत्यात म्हून सांगत न्हाय.”

सोनुबाईनं तिच्याकडं असं बघितलं की मनुबाईनं पदर तोंडावर घेतला. मग सोनुबाईची नजर डॉक्टरच्या हाताकडं गेली. चेकर पकडल्यावर आधी लिहितो. बाईंच्या हातात पेन होतं. त्यांनी त्याला टोपण घातलं आणि खिशात ठेवलं.

“मी तुमच्या परवानगीशिवाय पोराला काही सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मागच्या खेपेला मी एक विचारलं होतं. तुम्हाला काय करता आलं पाहिजे?”

सोनुबाईनं सुपातली तंबाखू एका कडेला सारली, परत पसरली.

“त्यास्नी उचलता आलं पायजे,” ती शेवटी म्हणाली. “बाकी हात न्हाय उठला तरी चालंल. येणी मनुबाई घालंल. पण त्यास्नी दुसऱ्या कुणी उचलायचं न्हाय.”

“मग ते कसं उचलता, ते मला बघायला पाहिजे. दोन वाजता येऊ?”

घरी यायचं? डॉक्टरनं? सोनुबाईला डाव कळला. घर बघायचं, माणूस बघायचा, आणि मग म्हणायचं की इथं ठेवण्यासारखी परिस्थिती नाही. तिनं घरी येऊन चादर बदलली, भीमाप्पाच्या कपाळावरच्या टेंगळावर टोपी ओढून बसवली आणि त्याला बजावलं, “कोण काय विचारलं तर व्हय म्हणायचं.” तेवढं त्याला म्हणता यायचं.

मनुबाई आधीच येऊन बसली होती. बाई दोनला आल्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघून त्यांनी जय भीम घातला. सोनुबाईनं उत्तर दिलं, पण मनात म्हणालीच, ओळख काढतीया. बाईंनी खाटेजवळ बसून भीमाप्पाला टोपी काढायला सांगितली, टेंगूळ बघितलं, आणि त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

“रोज करता तसंच करा. मी हात लावणार नाही.”

सोनुबाई खाटेपुढं पाठमोरी वाकली. भीमाप्पाचे हात खांद्यावरून पुढं घेतले, मनगटं घट्ट धरली आणि दात आवळून उठायला लागली. उजवा पाय पुढं रोवला. खांद्यातून कळ निघाली ती थेट कानापर्यंत गेली.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “आक्का, आप्पांना परत बसवा. आणि आता मागं वळून त्यांच्या पायाकडं बघा.”

सोनुबाई वळली. तीन वर्षांत तिनं उचलताना कधी मागं बघितलं नव्हतं. कसं बघणार, तो पाठीवर असायचा. भीमाप्पाचा उजवा पाय नेहमीसारखा लुळा लोंबत होता. पण डावा, धड पाय त्यानं जमिनीवरून वर उचलून पोटाशी घट्ट आवळून धरला होता. मांडीच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि घाम फुटला होता. सगळं अंग त्यानं लाकडासारखं ताठ केलं होतं, श्वाससुद्धा कोंडून.

“आप्पा,” बाईंनी खाली वाकून विचारलं, “हा पाय का उचलला? ह्यात तर चांगली ताकद दिसते.”

भीमाप्पा गोंधळला. बायकोकडं बघितलं. तिनं बजावल्याप्रमाणं “व्हय” म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की हे काही उत्तर झालं नाही. त्यानं ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर थाप मारली.

“ब...बोद,” तो म्हणाला. आणि बऱ्याच कष्टानं, “हला...यचं न्हाय.”

डॉक्टरला ते कळलं नाही. सोनुबाईला कळलं, आणि ती खाटेच्या पायाला धरून खालीच बसली. बायकोच्या पाठीवर जायचं तर घट्ट शिवलेलं बोद होऊन जायचं, आत हलायचं नाही, नाहीतर तिची कंबर जाईल. म्हणून तीन वर्षं, दिवसातनं सहा वेळा, हा माणूस आपला धड पाय पोटाशी धरून दगडासारखा होत होता. ज्या पायावर तो उभा राहू शकला असता, तोच त्यानं तिच्या काळजीपोटी वर उचलून धरला होता, आणि त्याचं सगळं वजन तिच्या एका खांद्यावर येत होतं. आणि तीन वर्षांत त्याला पाय टेक म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं, तिनंसुद्धा नाही.

“अवं,” ती म्हणाली, “तुमी काय बोद हायसा व्हय?” आणि रडायला लागली. मनुबाईसमोर, डॉक्टरसमोर, काही लाज न बाळगता रडली. भीमाप्पाला आपली काय चूक झाली ते कळेना. तो तिची पाठ थोपटत राहिला.

पुढचा तासभर बाईंनी घालवला. खाटेच्या पायांखाली विटा लावून ती खुर्चीच्या उंचीला आणली. जुन्या लुगड्याचा पट्टा भीमाप्पाच्या कमरेला बांधायला लावला. सोनुबाईला पाठमोरी नाही, समोर उभी केली, दोन्ही हातांनी पट्टा धरायला सांगितला. “आक्का, ओढायचं नाही. नुसतं धरायचं. आप्पा, डावा पाय खाली. पुढं वाका. आता जमीन ढकला.”

दोनदा तो बसूनच राहिला. पायाला सवय नव्हती आणि मनाला पटत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं जमीन ढकलली. तो थरथरत वर आला, सोनुबाईच्या नजरेच्या वर आला. तीन वर्षांनी तिला त्याच्याकडं मान वर करून बघावं लागलं. तिच्या हातांवर फार तर दोन घागरींचं वजन असेल. तिनं खाली बघून खात्री केली, डॉक्टरनं मागनं हात तर दिला नाही ना. बाई चार हात लांब उभ्या होत्या.

“आपरेशन?” सोनुबाईनं नंतर विचारलं.

“आज तरी मला गरज वाटत नाही. खांद्याचा आणि गुडघ्याचा व्यायाम दाखवते, तीन महिने करा. तोपर्यंत आप्पांना असंच उठवायचं, आणि मनुबाईंनी एका बाजूला उभं राहायचं. मग परत बघू. लागलंच तर सांगेन, आणि करायचं का नाही ते तुम्ही ठरवायचं.”

“मग यात तुमचा काय फायदा?”

बाई हसल्या. “चहा मिळाला तर घेईन.”

सोनुबाईनं चहा ठेवला. दूध ओतता ओतता तिनं दोनदा मागं वळून बघितलं, बाई काही लिहीत तर नाहीत. त्या भीमाप्पाच्या डाव्या पोटरीवर थाप मारून त्याला काहीतरी सांगत होत्या आणि तो व्हय, व्हय म्हणत होता.

संध्याकाळी भीमरत्नचा फोन आला. “आये, काय म्हणाल्या डॉक्टर?”

सोनुबाईकडं एक खोटं तयार होतं, सकाळीच जुळवून ठेवलेलं. तिनं तोंड उघडलं, आणि मग फोन भीमाप्पाच्या कानाला लावला. “सांगा पोराला,” ती म्हणाली. त्यानं बराच वेळ ओठ जुळवले.

“मी,” तो म्हणाला. “उ...भा.”

तिनं फोन परत आपल्या कानाला घेतला. पलीकडं भीमरत्न कोण बोललं, कोण बोललं, म्हणून विचारत होता.

“तुझा बाप,” सोनुबाई म्हणाली. “खांदा माझा त्यास्नी उचलून गेलाय, बिड्यांनी न्हाय. आता ते आपल्या पायावर उठत्यात. रविवारी यून बघ. पन त्यास्नी कुटं न्यायचं न्हाय.”

भीमरत्न बरं म्हणाला. सोनुबाईनं त्याला ते परत एकदा म्हणायला लावलं.